काठ मोकळा सोडा

नदीकाठचा झाडोरा म्हणजे कचरा नव्हे. एवढं एक वाक्य आधी मान्य करा, मग पुढचं बोलू.

पुण्यात, आणि पुण्याचं बघून इतर शहरांतही, नदी सुधारायला घेतली की पहिल्याच दिवशी पोकलेन येतो. काठावरची झुडपं निघतात, लव्हाळा निघतो, वाळुंज आणि करंज मुळासकट निघतात. मग उतार तासायचा, भराव टाकायचा, दगडी पिचिंग करायचं आणि वर पेव्हर ब्लॉक. काम स्वच्छ दिसतं, फोटो चांगला येतो. पण नदीवर जगणाऱ्या जिवांना राहायला तिथे वीतभर जागा उरत नाही.

मुळा-मुठा नदीकाठ सुधार प्रकल्पाचा आवाका ४४ किलोमीटरचा आहे. मुळेचे सुमारे २२, मुठेचे १० आणि संगमानंतरच्या मुळा-मुठेचे १२. खर्चाचा आकडा ४,७२७ कोटी रुपये, म्हणजे किलोमीटरमागे शंभर कोटींहून जास्त. २०२२च्या मार्चमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. आराखडा केला तो अहमदाबादच्या त्याच संस्थेने, जिने साबरमतीचा काठ बांधला. साबरमतीचं पात्र तिथे सरसकट २६३ मीटर रुंदीचं केलं गेलं, आणि शहरात दिसणारं बरंचसं पाणी नर्मदेच्या कालव्यातून येतं. जगातली कुठलीही नदी सरसकट एका रुंदीची नसते. कालवा असतो. पुण्याला नदी हवी की कालवा, हे पुणेकरांना कुणी विचारलं?

मुठा ही सह्याद्रीतून उतरलेली नदी. पावसाळ्यातली मुठा आणि वैशाखातली मुठा यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. वर्षभर असं चढणारं-उतरणारं पाणी पेलायला काठाने स्वतःची रचना शेकडो वर्षांत घडवली. पाण्यातच पाय रोवून उभा लव्हाळा आणि पाणकणीस. त्यामागे ओल्या मातीत वाळुंज. त्याहून वर करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर. प्रत्येकाची पायरी ठरलेली. वाळुंज पुरात वाकतो, मोडला तर मोडक्या फांदीतून पुन्हा फुटतो. करंजाची मुळं माती घट्ट धरतात. उंबर पाखरांना आणि वटवाघळांना फळं देतो, पाण्यात गळलेली माशांना. या सगळ्यांच्या सावलीने पाणी थंड राहतं, आणि थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. माशांची पिल्लं मुळांच्या जाळीत लपून मोठी होतात. काठाच्या चिंब मातीतले जिवाणू पाण्यातलं नायट्रेट फोडून त्याचा नायट्रोजन वायू हवेत सोडून देतात. हे काम फुकट चालतं, वीज लागत नाही, देखभालीची निविदा काढावी लागत नाही.

आता पाखरं बघा. खंड्या मातीच्या उभ्या कड्यात बीळ करून अंडी घालतो. दगडी पिचिंगमध्ये तो बीळ कुठे करणार? टिटवीला उघडी खडी लागते. नदी सुरय वाळूच्या किंवा खडकाच्या बेटावर घरटं करतो, चहूकडून पाणी असेल तरच त्याची अंडी कुत्र्यांपासून वाचतात. शेकाट्याला पोटरीएवढं उथळ पाणी आणि चिखल पुरतो. हळदी-कुंकू बदक काठच्या दाट गवतात घरटं लपवतं. पाच पाखरं, पाच तऱ्हांचे काठ: कडा, खडी, बेट, चिखल, गवत. भिंत बांधली की पाचही एका दिवसात जातात आणि त्यांच्या जागी एकच काठ येतो, जो यांतल्या कुणालाच चालत नाही.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: 'तोडतो त्याच्या कितीतरी पट झाडं लावू.' कुठे लावणार? भिंतीच्या वर, फुटपाथच्या कडेला, पाण्यापासून दहा-पंधरा फूट उंचावर. तिथे लावलेल्या झाडाची सावली पाण्यावर पडत नाही, त्याची मुळं पाण्याला लागत नाहीत, त्याचं पान नदीत गळत नाही. ते रस्त्याचं झाड आहे, रस्त्यासाठी चांगलंच आहे. नदीच्या हिशेबात ते धरू नका.

काठ ही नदीची ओसरी आहे. धड घर नाही, धड अंगण नाही, आणि म्हणूनच तिथे सगळ्यांना जागा मिळते. पावसाळ्यात पाणी तिथे येऊन बसतं आणि ओसरतं. ती ओसरी बुजवली की पाणी थेट घरात येतं. पुण्याला हे नव्याने सांगावं लागू नये. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं आणि शहर उद्ध्वस्त झालं, ती धरणफुटी होती. पण २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबील ओढ्याला आलेल्या पुराच्या वेळी कुठलंही धरण फुटलेलं नव्हतं. पुणे आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. ओढ्याच्या दोन्ही अंगांनी बांधकामं दाटली होती, पाण्याला पसरायला जागाच नव्हती. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली. माणसं बोटीतून बाहेर काढावी लागली.

नकाशावर दोन रेषा असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची लाल. निळीच्या आत बांधकामाला बंदी, दोन्हींच्या मध्ये निर्बंध. या रेषा जलसंपदा खात्याने आखल्या, नदीने त्या वेळोवेळी ओल्या करून दाखवल्या. तरीही निळ्या रेषेच्या आत भराव पडतो, मंगल कार्यालयं उठतात, पार्किंग होतं. महापालिका म्हणते, काठ बांधल्याने पुराचा धोका कमी होईल. अनेक अभ्यासकांचा आक्षेप असा की पात्र आवळलं तर पाण्याची पातळी चढेलच, आणि धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटाचा पाऊस हिशेबात पुरता धरलेला नाही. हा वाद तज्ज्ञांसमोर, आकडे टेबलावर ठेवून, नागरिकांच्या देखत सुटायला हवा होता. काम आधी आणि वाद नंतर हा क्रम शहराच्या जिवावर बेतणारा आहे.

रेषेची अंमलबजावणीही सगळ्यांना सारखी हवी. पत्र्याच्या घरावर बुलडोझर आणि टोलेजंग इमारतीला परवानगी, असं चालणार नाही. काठावर राहणाऱ्या गरीब कुटुंबाला हलवायचं असेल तर आधी त्याच भागात पक्कं घर द्या. आणि मोकळी झालेली जागा नदीलाच परत द्या. तिथे फूड प्लाझा आला तर त्या कुटुंबाचीही फसवणूक झाली आणि नदीचीही.

आता पाण्याकडे. पावसाळा सरला की शहरातल्या मुठेत धरणाचं पाणी जवळजवळ नसतं, वाहतं ते आपलं सांडपाणी. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं बांधण्याचा करार २०१६च्या जानेवारीत झाला. रोज ३९ कोटी ६० लाख लिटर पाणी शुद्ध करण्याची क्षमता, मूळ खर्च सुमारे ९९० कोटी. जागा आणि निविदा यांच्या घोळात वर्षं गेली. शहराने आधी कशाची घाई करायला हवी होती? पाण्याची. शुद्धीकरण रखडलं आणि काठाचं काँक्रीट मात्र पुढे गेलं, हा क्रमच उलटा आहे.

सांडपाण्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटवर जलपर्णी माजते. संथ पाणी तिला आणखी मानवतं. दरवर्षी यंत्रं लावून ती काढायची, दरवर्षी ती परत येते, दरवर्षी बिल निघतं. डासांचंही तसंच. चतुराच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात, पण त्यांना बऱ्यापैकी स्वच्छ पाणी आणि काठची वनस्पती लागते. मैल्यात चतुर मरतात, डास जगतात. मग धुराळणीची गाडी फिरते. बंधारे घालून पाणी तुंबवायचं आणि त्यात बोटी फिरवायच्या, ही कल्पना ज्याला सुचते त्याने एप्रिलमध्ये बंडगार्डनच्या बंधाऱ्याशी तासभर उभं राहावं. वाहतं पाणी खळाळात हवा खातं, डोहात विसावतं. खळाळ आणि डोह दोन्ही ठेवले तरच नदी स्वतःला सावरते.

लोकांना नदीजवळ जायचं आहे, ही मागणी रास्त आहे. मुलांना पाणी दिसावं, म्हाताऱ्यांना सावलीत बसता यावं, बायकांना संध्याकाळी निर्धास्त चालता यावं. पण त्यासाठी ४४ किलोमीटर बांधून काढावे लागत नाहीत. आपल्याच माणसांनी ही गोष्ट पूर्वी सोडवून दाखवली आहे. त्यांनी घाट बांधले. ओंकारेश्वराला, विठ्ठलवाडीला, वस्ती आणि देऊळ असेल तिथे दगडी पायऱ्या उतरवल्या. पुढच्या घाटापर्यंतचा काठ मात्र झाडांना, गुरांना, पाखरांना सोडला. माणसाने नदीला ठरावीक ठिकाणी भेटायचं, बाकी ठिकाणी तिला तिच्या मर्जीने राहू द्यायचं. आजही घाट दुरुस्त करा, मातीच्या पायवाटा ठेवा, पक्षी बघायला लाकडी मचाण बांधा. एवढ्यात माणसाची हौस भागते आणि नदीचा जीवही राहतो.

राखणं म्हणजे काय तेही आपल्याला ठाऊक आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. वरदायिनी देवीचे म्हणून तिथल्या महाशीर माशांना गावातलं कुणी हात लावत नाही. वाडा तालुक्यात तिळसेश्वराच्या देवळाशी वैतरणेतले मासे असेच सुरक्षित राहिले. या दोन्ही ठिकाणी कुणी कोटींचा प्रकल्प राबवला नाही. गावाने एक नियम केला आणि तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला.

'गावात ठीक आहे, शहरात जमत नाही,' असं कुणी म्हणेल. म्युनिकला जमलं. तिथली इसार नदी एकोणिसाव्या शतकापासून सरळ करून बंदिस्त केलेली होती. २००० ते २०११ या काळात शहर आणि बव्हेरिया राज्य यांनी मिळून आठ किलोमीटरचा पट्टा मोकळा केला. बांधलेले काठ फोडले, उतार सपाट केला, पात्र रुंद केलं, खडीची बेटं नदीला बनवू दिली. वीजनिर्मितीसाठी वळवलेल्या पाण्यातला नदीचा वाटा वाढवून घेतला. वरच्या अंगाची सांडपाणी केंद्रं सुधारली. खर्च सुमारे साडेतीन कोटी युरो. काम चालू असतानाच २००५चा मोठा पूर आला आणि मोकळ्या केलेल्या पट्ट्याने तो पचवला. आज उन्हाळ्यात त्या काठांवर शहर लोटतं. लोकांसाठी जागा आणि नदीसाठी जागा यांत भांडण नसतं, हे तिथे दिसतं.

युरोपचं हवामान वेगळं म्हणाल, तर सिंगापूर घ्या. तिथे पाऊस आपल्यासारखाच कोसळतो. बिशान पार्कमधला कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा काँक्रीटचा नाला त्यांनी फोडला आणि २०१२पर्यंत तिथे ३.२ किलोमीटरची वळणं घेत जाणारी नदी केली. भिंतीऐवजी दगड, काथ्या आणि झाडांची मुळं यांनी काठ बांधला. पूर आला की बागच पाणी पोटात घेते. काही वर्षांत तिथे पाणमांजरं आली, पिल्लांसह राहू लागली. जगाने काँक्रीट फोडायला सुरुवात केली असताना आपण ते ओतायला निघालो आहोत.

आणि जग कशाला, नाशिक जवळ आहे. सिंहस्थाच्या सोयीसाठी रामकुंड परिसरात गोदावरीच्या तळाला काँक्रीट घातलं गेलं. जुनी कुंडं आणि त्यांतले झरे खाली गाडले गेले. लोकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि मग तेच काँक्रीट काढण्याचं काम हाती घ्यावं लागलं. ओतायला जनतेचा पैसा, फोडायलाही जनतेचाच. पुण्याने यातून शिकायचं नाही, तर कशातून शिकायचं?

पुण्यात वाचवण्यासारखं अजून पुष्कळ आहे, हीच सगळ्यात महत्त्वाची बाब. औंध-बाणेरला राम नदी मुळेला मिळते, तिथे जुन्या झाडांची राई उभी आहे. विठ्ठलवाडीच्या काठाला जीवितनदी संस्थेच्या कार्यकर्त्यांनी आणि आसपासच्या नागरिकांनी 'दत्तक घेऊ या नदीकिनारा' म्हणून वर्षानुवर्षं राबून जपलं आहे. येरवडा-कल्याणीनगरच्या बाजूला मुळा-मुठेवर डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य म्हणून ओळखला जाणारा पट्टा आहे, पण वन्यजीव कायद्याचं कवच त्याला नाही. तिथे राडारोड्याचे ट्रक रिते होतात. काठावरची झाडं वाचावीत म्हणून २०२३मध्ये आणि पुन्हा २०२५मध्ये हजारो पुणेकर चिपको म्हणत रस्त्यावर उतरले. त्यात शाळकरी मुलं होती, सत्तरीतले आजी-आजोबा होते. त्यांना विकासाचे शत्रू म्हणणं हा अन्याय आहे. या शहरावर त्यांच्याइतका जीव फार थोड्यांनी लावला आहे.

संरक्षणाचा मार्ग कायद्यात आहे. जैवविविधता कायदा, २००२च्या कलम ३७खाली राज्य सरकार स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून एखादी जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर करू शकतं. पुण्यातल्याच गणेशखिंड उद्यानाला २०२०मध्ये हा दर्जा मिळाला. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाची जागा २०२१मध्ये वारसास्थळ झाली, ती तिथे सापडलेल्या एका छोट्याशा माशासाठी, शिस्टुरा हिरण्यकेशीसाठी. एका बोटभर माशासाठी राज्य सरकार उगम राखू शकतं, तर राम-मुळा संगम का नाही? विठ्ठलवाडी का नाही? सालिम अली पट्टा का नाही? प्रस्ताव महापालिकेने पाठवायचा आहे. पाठवा.

जिथे काठ खरोखर मेला आहे तिथे काम जरूर करा, पण नदीच्या पद्धतीने. आधी सांडपाण्याचे नाले अडवा आणि शुद्ध करा. मग राडारोडा उचला. तो खरा कचरा आहे, तिथे यंत्र लावायला कुणाची हरकत नाही. आवळलेला काठ मागे घ्या, उतार मंद करा. सुबाभळीसारखी आगंतुक झाडं एकदम न तोडता टप्प्याटप्प्याने काढा आणि त्यांच्या जागी वाळुंज, करंज, उंबर वाढू द्या. वाळुंजाची फांदी ओल्या मातीत खोचली तरी मूळ धरते, त्याला परदेशी सल्लागार लागत नाही. फेब्रुवारी ते मे बेटांवर आणि खडीवर पाय ठेवू नका, तेव्हा तिथे अंडी असतात. खडकवासल्यातून नदीसाठी म्हणून बारमाही थोडं पाणी सोडा आणि ते सोडल्याचा आकडा दर महिन्याला जाहीर करा. हे सगळं ठरवताना पक्षी मोजणाऱ्यांना, वनस्पती ओळखणाऱ्यांना आणि भोई समाजातल्या जुन्या जाणत्यांना समोर बसवा. कुठे डोह होता आणि कुठे मरळ मिळायची, हे त्यांना सल्लागारांपेक्षा चांगलं माहीत आहे.

पुणेकरांनो, आपल्याकडेही काम आहे. घर दुरुस्त करताना निघालेला राडारोडा कुठे गेला ते ठेकेदाराला विचारा. निर्माल्याची पिशवी पुलावरून भिरकावू नका. सोसायटीचं सांडपाणी केंद्र बंद पडलं असेल तर पुढच्या सभेत तो पहिला विषय ठेवा. आणि आपल्या नगरसेवकाला बाकांवरच्या नावांऐवजी नदीच्या पाण्यातल्या प्राणवायूचा आकडा विचारा.

महापालिकेकडे मागणी एकच, आणि ती आजच्या आज मान्य करता येण्यासारखी आहे. ४४ किलोमीटरच्या प्रत्येक टप्प्याची झाडं, पाखरं, मासे, झरे यांसह तिन्ही ऋतूंतली नोंद आधी करा आणि ती लोकांपुढे ठेवा. आणि जिथे काठ जिवंत असल्याचं त्या नोंदीतून दिसेल, तिथे यंत्र जाणार नाही, भराव पडणार नाही, झाड तुटणार नाही, असा ठराव मुख्य सभेने मंजूर करावा.